नोंदवहीचा वाचक

तपन सिन्हा यांचा ‘एक डॉक्टर की मौत’ हा १९९० सालचा हिंदी चित्रपट आम्ही साहित्याच्या विद्यार्थ्यांना अनेकदा दाखविला आहे. कादंबरी आणि पटकथा यांचे नाते शिकविण्यास तो सोयीचा पडतो. रमापद चौधुरी यांच्या ‘अभिमन्यू’ या बंगाली कादंबरीवर तो आधारलेला आहे, आणि कादंबरीच्या मागे कोलकात्याचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचे आयुष्य उभे आहे. चित्रपटातील दीपांकर रॉय (पंकज कपूर यांची ही भूमिका कोण विसरेल?) कुष्ठरोगावरची लस शोधतो. वरिष्ठ त्याची हेटाळणी करतात, दूरच्या खेड्यात त्याची बदली होते आणि अखेर श्रेय परदेशी संशोधकांच्या पदरी पडते. चित्रपट संपताना मात्र परदेशातून त्याला सन्मानाचे बोलावणे येते. प्रत्यक्षातील मुखोपाध्यायांनी लस शोधली नव्हती. मानवी भ्रूण शरीराबाहेर घडवून, तो गोठवून, पुढे वितळवून मातेच्या गर्भाशयात ठेवल्याचे त्यांचे प्रतिपादन होते. त्यातून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात एक मुलगी जन्मली. आणि १९८१ साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी आत्महत्या केली.

पटकथेने शेवट बदलला हे समजण्यासारखे आहे. पण भ्रूणाच्या जागी लस का आली असावी? चर्चेत विद्यार्थी नेहमीचेच उत्तर देतात: लस सर्वांना कळते, भ्रूण कळत नाही. उत्तर चुकीचे नाही, अपुरे आहे. लसीचा पुरावा चारचौघांत मांडता येतो. बरा झालेला रोगी आपला हात पुढे करून दाखवू शकतो. प्रजननाच्या प्रयोगाचा पुरावा पाळण्यात निजलेला असतो, आणि त्याच्या आईबापांना तो कोणाला दाखवायचा नसतो. ज्या समाजात ‘वांझ’ हा शब्द ओटी भरण्याच्या समारंभातून एखादीला बाजूला बसविण्यास पुरेसा होता, तेथे ‘आमचे मूल प्रयोगशाळेतून आले’ असे सांगण्याचे धैर्य कोणत्या दांपत्याने करावे? मुखोपाध्यायांकडे आलेले मारवाडी कुटुंबही याच धास्तीत होते. मुलीचे ‘दुर्गा’ हे नाव वृत्तपत्रांतून गाजले. तिचे खरे नाव पंचवीस वर्षे लोकांसमोर आले नाही. तेव्हा चित्रपटात पुरावा दडपला जातो तो मत्सरापोटी. वास्तवात मत्सर होताच. परंतु पुराव्याची जातच अशी होती की तो मांडणाऱ्याचे हात बांधलेले होते. भ्रूणाऐवजी लस आली आणि कथेतील ही गाठ निघून गेली. उरली ती सरळ शोकांतिका, ज्यात खलनायक ओळखणे सोपे आहे.

कादंबरीच्या शीर्षकात मात्र गर्भ शिल्लक आहे. अभिमन्यू म्हटले की चक्रव्यूहात एकटा सापडलेला, महारथींनी घेरून मारलेला पोर डोळ्यांसमोर येतो. शीर्षकाचा उघड अर्थ तोच. पण व्यूहात शिरण्याची विद्या त्याला मिळाली कोठे? लोकपरंपरेतील कथा सांगते की ती त्याने सुभद्रेच्या उदरात असताना ऐकली. आईला झोप लागली आणि बाहेर पडण्याचा भाग ऐकावयाचा राहिला. गर्भाविषयीच्या ज्ञानात शिरलेल्या आणि त्यातून बाहेर येण्याची वाट न सापडलेल्या माणसाला याहून नेमके नाव मिळाले नसते. चित्रपटाचे शीर्षक मृत्यूबद्दल बोलते. कादंबरीचे शीर्षक जन्माच्याही आधीची गोष्ट सुचविते.

मुखोपाध्यायांची कारकीर्द आम्हांला मोहात पाडते ती तिच्या आडवळणांमुळे. १६ जानेवारी १९३१ रोजी हजारीबागला जन्म, कोलकात्यात शरीरक्रियाशास्त्राचा अभ्यास, १९५५ साली वैद्यकीय पदवी, १९५८ साली कोलकाता विद्यापीठाची प्रजननाच्या शरीरक्रियाशास्त्रातील पीएच.डी. आपल्याकडे येथे गोष्ट संपते. पीएच.डी. पदरात पडली की वेतनश्रेणी, मग मार्गदर्शकाची मान्यता, मग समित्या. पुन्हा विद्यार्थी होण्याचे प्रयोजन उरत नाही. या गृहस्थांनी एडिंबरोला जाऊन जॉन लोरेन यांच्या हाताखाली संप्रेरकांच्या मोजमापावर काम केले आणि १९६७ साली दुसरी पीएच.डी. मिळविली. त्याच वर्षी ते परत आले. स्त्रीच्या शरीरातील मासिक चक्र कोणत्या संप्रेरकाच्या कोणत्या पातळीवर वळण घेते, हे आकड्यांत पकडण्याची विद्या त्यांनी बरोबर आणली होती.

एडिंबरोचे नाव आले म्हणून थोडे थांबतो, कारण या शास्त्राच्या इतिहासात हे गाव वारंवार भेटते. तेथील पशुआनुवंशिकी संस्थेत सी. एच. वॉडिंग्टन होते. विकासजीवशास्त्रातील त्यांचे एक चित्र प्रसिद्ध आहे: उतरत्या टेकडीवर एक चेंडू ठेवलेला, खाली फाटत गेलेल्या दऱ्या, चेंडू एका दरीत उतरला की शेजारच्या दरीत जाणे अधिकाधिक अवघड. भ्रूणातील पेशी स्नायू होते की मज्जातंतू, याचे ते रूपक. (या माणसाने चित्रकला आणि विज्ञान यांच्या संबंधावरही एक मोठा ग्रंथ लिहिला, हे साहित्याच्या वाचकांना सांगावेसे वाटते.) वॉडिंग्टनच्या संस्थेत रॉबर्ट एडवर्ड्स आले. शेतीशास्त्राच्या शिक्षणात मन न रमल्याने प्राणिशास्त्राकडे वळलेला हा तरुण १९५५ साली तेथे उंदरांच्या भ्रूणांवर पीएच.डी. करून बाहेर पडला. आणि पन्नासच्याच दशकात लीला मुळेरकर तेथे कोंबडीच्या भ्रूणावर काम करीत होत्या. परत येऊन त्यांनी पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात प्रायोगिक भ्रूणविज्ञानाची परंपरा उभी केली. अंड्यातून भ्रूण अलगद उचलून काचेच्या बशीत वाढवायचा, त्याचा एखादा तुकडा दुसरीकडे रुजवायचा आणि काय घडते ते पाहायचे: पुण्यातील कित्येक पिढ्यांनी हे त्यांच्याकडून आणि त्यांच्या विद्यार्थ्यांकडून शिकून घेतले. एका गावातून निघालेल्या या तीन वाटा. एडवर्ड्स यांची वाट स्टॉकहोमला, २०१० सालच्या नोबेल पारितोषिकापाशी पोहोचली. मुळेरकरांची पुण्यातील अध्यापनात स्थिरावली. मुखोपाध्यायांची वेगळ्या प्रयोगशाळेतून निघालेली वाट कोठे गेली ते वर आलेच आहे.

आता प्रत्यक्ष प्रयोगाकडे वळू. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये लुईझ ब्राउन जन्मली. एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो यांनी तिच्या आईच्या नैसर्गिक चक्रात तयार झालेले एकच बीज पोटावर छेद देऊन दुर्बिणीने काढले, शरीराबाहेर फलित केले आणि थोड्याच दिवसांत गर्भाशयात ठेवले. त्यानंतर सत्तर दिवसांनी कोलकात्यात जन्मलेल्या मुलीची कथा जवळजवळ प्रत्येक पायरीवर वेगळी आहे. मुखोपाध्यायांनी गोनॅडोट्रोपिन देऊन बीजांडकोशाला एकाहून अधिक बीजे पिकविण्यास भाग पाडले. बीजे योनिमार्गाच्या बाजूने काढली. फलित झालेले भ्रूण गोठविले. आणि ५३ दिवसांनी वितळवून पुढच्या एका चक्रात गर्भाशयात सोडले. गोठविण्याचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे. संप्रेरके देऊन बीजे वाढविलेल्या चक्रात गर्भाशयाचे अस्तर भ्रूणाला सामावून घेण्यास अनुकूल नसावे, असा त्यांचा तर्क होता. तेव्हा भ्रूणाला थांबवून ठेवावे, शरीराला पूर्वपदावर येऊ द्यावे, आणि मग दोघांची गाठ घालावी. संप्रेरकांची मोजमापे करण्यात आयुष्य घालविलेल्या माणसालाच हा विचार सुचावा.

हे सारे अद्भुत होते काय? येथे आमचे मत चरित्रकारांच्या उत्साहापेक्षा थोडे वेगळे आहे. अद्भुत म्हटले की ते अविश्वसनीय ठरते, आणि मुखोपाध्यायांचे नेमके तेच झाले. वस्तुतः १९७२ साली उंदराचे भ्रूण गोठवून, वितळवून त्यांपासून पिले जन्मली होती. १९७३ साली गोठविलेल्या भ्रूणापासून वासरू जन्मले होते. डायमिथिल सल्फॉक्साइडसारखे द्रव्य पेशीत मुरवले आणि तापमान हळूहळू, ठराविक गतीने उतरविले, तर आत बर्फाचे स्फटिक होऊन पेशी फाटत नाही, हे या क्षेत्रात काम करणाऱ्यांस ठाऊक होते. मानवी भ्रूणाबाबत ही मोठीच झेप होती, पण शून्यातून घेतलेली नव्हे. आणि या झेपेत त्यांचे साथीदार कोण होते पाहा: एक स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांती भट्टाचार्य, आणि दुसरे जादवपूर विद्यापीठाचे अन्नतंत्रज्ञ प्रा. सुनीत मुखर्जी. थंड करताना सजीव पेशीचे काय होते, हा प्रश्न अन्न टिकविणाऱ्याच्या अभ्यासात येतोच. तीन विभागांच्या तीन इमारतींतले ज्ञान एका काचपट्टीवर एकत्र आले, आणि तो प्रयोग अख्खा वाचू शकेल असा एकही विभाग उरला नाही.

मुखोपाध्यायांनी ‘साधी उपकरणे आणि एक फ्रिज एवढ्यावर’ हे केले, असे वाक्य त्यांच्यावरील बहुतेक मजकुरात आढळते. आम्हांला ते खटकते. गरिबीतून उगवलेल्या प्रतिभेचे कौतुक करण्याची आपली जुनी खोड त्यात आहे. रस्त्यावरच्या दिव्याखालील अभ्यासाच्या कुळातलेच हे वाक्य. त्याने माणूस थोर होतो आणि काम बारीक होते. दोन पीएच.डी., वीस वर्षांचा संप्रेरकांचा अभ्यास आणि एक शीतजीवशास्त्राचा जाणकार यांना ‘फ्रिज’ या एका शब्दात बसविले की ऐकणाऱ्याला वाटते, फ्रिजमध्ये काय, भाजीसुद्धा टिकत नाही! स्तुतीसाठी सांगितलेली दंतकथा संशयाच्या कामी येते ती अशी.

१९७८ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. तिच्यावर लिहिताना न्याय्य असणे आवश्यक आहे. दावा आधी वृत्तपत्रांतून बाहेर आला होता. मातेची ओळख सांगितली जात नव्हती. आणि इतक्या मोठ्या विधानासाठी पुरावा मागणे हा शास्त्राचा धर्मच आहे. समिती नेमली यात गैर काही नव्हते. गैर होते ते समितीचे वाचन. अध्यक्षस्थानी रेडिओभौतिकीचे प्राध्यापक होते. सदस्यांत इतर शाखांचे मान्यवर होते, स्त्रीरोगशास्त्रही होते. परंतु शरीराबाहेर भ्रूण घडविणे अथवा गोठविणे यावर स्वतः संशोधन केलेली व्यक्ती नव्हती. मुखोपाध्यायांनी त्याच वर्षी ‘इंडियन जर्नल ऑफ क्रायोजेनिक्स’ या नियतकालिकात आपल्या कामाचे छोटे निवेदन छापले होते. शीतशास्त्राच्या नियतकालिकातील मजकूर प्रसूतिशास्त्राचे किती जाणकार उघडून पाहणार? आणि शीतशास्त्राचा वाचक त्यातील गर्भाशयाचा भाग कसा जोखणार? समितीने दावा खोटा ठरविला. न कळलेल्या मजकुराला ‘कळला नाही’ असे म्हणण्याची तरतूद समित्यांच्या अहवालांत नसते.

यात काळाचाही वाटा होता. १९५२ पासून कुटुंबनियोजन हे राष्ट्रीय धोरण. आणीबाणीतील नसबंदीच्या मोहिमा संपून जेमतेम दीड वर्ष लोटलेले. ज्या देशाला मुले कमी हवी होती, तेथे एक प्राध्यापक मूल होण्याचा नवा मार्ग सांगत होता. ही अडचण केवळ आपली नव्हे. एडवर्ड्स व स्टेप्टो यांचा अर्थसाहाय्याचा अर्ज ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७१ साली नाकारला होता, आणि तेथेही लोकसंख्यावाढीच्या चिंतेपुढे वंध्यत्व हा किरकोळ प्रश्न मानला जात होता. फरक असा की त्यांना खाजगी देणगी मिळाली आणि कोणी त्यांची बदली केली नाही. मुखोपाध्याय सरकारी सेवेत होते. १९७९ साली जपानमधील क्योटो येथे आपले काम मांडण्यासाठी निमंत्रण आले असता त्यांना परवानगी नाकारण्यात आली. कोलकात्याबाहेर बांकुऱ्याला बदली झाली. पुढे हृदयविकाराचा झटका आला, आणि १९८१ साली नेत्रविज्ञानाच्या संस्थेत नेमणूक झाली. संप्रेरकांच्या अभ्यासकाला डोळ्यांच्या संस्थेत पाठविण्यात क्रौर्य होते की निव्वळ बेफिकिरी, याचा निवाडा आम्ही करीत नाही. फायलीच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणी ‘प्राध्यापक’ हेच पद होते. त्या नेमणुकीनंतर थोड्याच काळात त्यांनी जीवन संपविले.

या सगळ्याचा आम्ही इतका पिच्छा का पुरविला, असे कोणी विचारील. आमची भाची प्राणिशास्त्राची एम.एस्सी. कोंबडीच्या भ्रूणावर हात बसवून ती झाली. तिसऱ्या दिवशीच्या अंड्यात स्पंदणारे लाल टिंब तिने आम्हांला दाखविले तेव्हा आम्ही निःशब्द झालो होतो. तिला संशोधनात जायचे होते. तिच्या प्रबंधिकेच्या तोंडी परीक्षेस बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रस्तावना आणि निष्कर्ष यांमधली पाने उघडली नाहीत. मुखपृष्ठावरील शीर्षकात एक शब्द सुचविला आणि चांगले गुण दिले. ‘गुण कमी दिले असते तरी चाललं असतं, मामा,’ ती म्हणाली, ‘पण चौदाव्या पानावरचा तक्ता कुणीतरी बघायला हवा होता. तिथे माझी नऊ अंडी का फुकट गेली ते लिहिलंय.’ साहित्याच्या प्रबंधांचे वाचन कसे होते हे जाणणाऱ्यांना या वाक्याचे भाषांतर करून सांगण्याची गरज नाही.

आज ती वंध्यत्व-उपचाराच्या एका केंद्रात भ्रूणतज्ज्ञ आहे. १९७८ साली ज्याला थोतांड म्हटले गेले ते तिचे रोजचे काम: बीजे मोजणे, फलन झाले का ते पाहणे, भ्रूण उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये उतरविणे, महिन्यांनी वर काढणे. सारे भ्रूण गोठवून पुढच्या चक्रात सोडण्याची पद्धत आता अनेक केंद्रांत नित्याची झाली आहे, आणि तिच्यामागचा एक तर्क मुखोपाध्यायांचाच आहे. केंद्राच्या फलकावर डॉक्टरांची नावे आहेत. भ्रूणतज्ज्ञाचे नाव फलकावर नसते; रुग्णही तिला सहसा ओळखत नाहीत. २०२१ च्या सहायक प्रजननतंत्राच्या कायद्याखालील नियमांनी या पदाला शिक्षण आणि अनुभव यांच्या अटी घातल्या, एवढी तरी ओळख आता कागदावर आली. लुईझ ब्राउनच्या वेळी हे काम जीन पर्डी करीत असत. त्या शिक्षणाने परिचारिका; लुईझ होणार असलेल्या पेशी विभागताना पहिल्यांदा पाहिल्या त्या त्यांनी. वयाच्या ३९ व्या वर्षी, १९८५ साली त्या वारल्या. ओल्डहॅमच्या स्मृतिफलकावर त्यांचे नाव घालावे म्हणून एडवर्ड्स यांना पत्रे लिहावी लागली, आणि तरी ते तेव्हा घातले गेले नाही. भाचीला हे सांगितले तेव्हा ती हसली. तिच्या कामाची नोंद मात्र फलकाहून कडक असते: कोणाचा भ्रूण, कोणत्या बशीतून कोणत्या नळीत, किती वाजता, आणि प्रत्येक पायरीवर पाहणाऱ्या दुसऱ्याची सही. साक्षीदाराशिवाय बशी हलत नाही.

मुखोपाध्यायांच्या नोंदींना साक्षीदार मिळाला तो सोळा वर्षांनी, आणि तो मुंबईहून आला. डॉ. टी. सी. आनंद कुमार हे परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक होते. ही संस्था गर्भनिरोधकांच्या चाचणीसाठी उभारलेल्या केंद्रातून वाढलेली, तेव्हा वंध्यत्वावर काम करताना धोरणाच्या विरुद्ध दिशेने चालणे म्हणजे काय, हे त्यांना माहीत असणार. के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्याबरोबर त्यांनी केलेल्या कामातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा चावडा जन्मली, आणि भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिची नोंद झाली. हे यश आनंद कुमारांच्या नावावर अकरा वर्षे निर्वेध होते. १९९७ साली कोलकात्यातील एका परिषदेच्या निमित्ताने ते तेथे गेले. सुनीत मुखर्जी यांनी आपल्या मित्राची हस्तलिखित टिपणे जपून ठेवली होती. ती त्यांच्या हाती पडली. त्यांनी ती वाचली, मुखर्जींशी आणि मुलीच्या आईवडिलांशी ते बोलले, आणि त्याच वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहून जाहीर केले की भारतातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार सुभाष मुखोपाध्याय होत.

म्हणजे आपल्या नावावरचे ‘पहिले’पण त्यांनी स्वतः काढून दुसऱ्याच्या नावावर लिहिले, आणि तोवर ज्याच्या बाजूने बोलणे कोणालाही लाभाचे नव्हते अशा माणसाच्या. या औदार्याची वाखाणणी पुष्कळ झाली आहे आणि ती योग्यच आहे. आम्हांला त्याहून त्यांच्या वाचनाचे मोल अधिक वाटते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी पोथ्या लावून बसलेल्या पंडितांची ओळख आपल्याला आहे. लेखनिकाची चूक कोणती आणि पाठ कोणता, हे त्यांना ओळींच्या आतून कळे. आनंद कुमारांचे काम त्याच जातीचे होते. १९७८ साली न सुटलेल्या अडचणी त्यांनी १९८६ साली स्वतः सोडविल्या होत्या. टिपणांतील संप्रेरकांची मात्रा, बीज काढण्याचा दिवस, गोठविण्याचा क्रम हे पाहताना, ही माणसाने केलेल्या कामाची नोंद आहे की मागाहून रचलेली कथा, हे ठरविण्याची पात्रता त्यांच्या हातांत होती. समितीपुढे मुखोपाध्याय हजर होते, बोलत होते, उत्तरे देत होते. तरी वाचले गेले नाहीत. टिपणांपाशी ते स्वतः नव्हते, आणि वाचले गेले.

एक भेद येथे सोडून देता येत नाही. हस्तलिखिताचे वाचन कितीही जाणत्याने केले तरी ते वाचनच. त्या काळी, त्या जागी, पारखून घेतलेल्या प्रयोगाची बरोबरी ते करू शकत नाही. म्हणून स्पर्धापरीक्षांच्या मराठी पुस्तकांत आजही ‘भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी कोण?’ या प्रश्नाची दोन उत्तरे आढळतात: कोठे दुर्गा, कोठे हर्षा, आणि सावध संपादक हर्षाच्या नावापुढे ‘शास्त्रीय नोंद असलेली पहिली’ असे जोडतात. आम्हांला ते विशेषण पटत नाही, तरी त्यातील प्रामाणिकपणा कळतो. नोंद होतीच, ती जेथे छापली गेली आणि ज्या वहीत राहिली, तेथे तिला वाचक नव्हता. विशेषण त्या अभावाचे आहे, पण दोष नोंदीच्या माथी मारते.

२००३ साली, पंचविसाव्या वाढदिवसाच्या सुमारास, कनुप्रिया अग्रवाल मुखोपाध्यायांच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात लोकांसमोर आली आणि आपणच ती दुर्गा असे तिने सांगितले. ते कोणाला सांगायचे, कधी सांगायचे, हे तिने ठरविले. समितीने मागितलेला पुरावा अखेर स्वतःच्या पायांनी चालत आला, पण त्या मागणीला उत्तर म्हणून नव्हे.

आनंद कुमारांचा लेख आम्ही भाचीला वाचावयास दिला. एका विलक्षण माणसाच्या शोकांतिकेने ती हेलावेल, असा आमचा कयास होता. तिने तो जेवणाच्या टेबलावर पेन घेऊन वाचला, समासात खुणा केल्या आणि विचारले, ‘भ्रूण कितव्या दिवशी गोठवला, हे त्यांच्या मूळ टिपणात आहे का? तापमान दर मिनिटाला किती उतरवलं? आणि मामा, एकूण किती बीजं होती, बाकीच्यांचं काय झालं, तेही लिहिलेलं असेल ना?’